माळवद उकरलं की कौलं काढली?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही शाब्बाथ शाळेत मोठ्या मुलांना शिकवता. पक्षाघाती माणसाची गोष्ट चालू होती, गर्दीमुळं चौघांनी ज्याला छपरातून येशूपुढं खाली सोडलं तो, आणि आठवीतल्या एका मुलीनं विचारलं की टीचर, मार्कमध्ये छप्पर उकरलं असं आहे, लूकमध्ये कौलं काढली, आणि मत्तयमध्ये तर छपराचं नावच नाही, मग खरं काय झालं होतं. ते ऐकून दुसऱ्या पोरानं मोबाईल पुढे केला, मत्तय १७ मध्ये २० नंतर डायरेक्ट २२ वचन, २१ गायब, आणि घरातल्या जुन्या बायबलात मात्र आहे. तिसऱ्यानं विचारलं येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत नक्की मेला कसा. तुम्ही म्हणालात पुढच्या रविवारी सांगते. आणि पाळकसाहेबांचा सल्ला असा की पोरांना एवढं खोलात नेऊ नका.

मी पाळक नाही, मी भाषांतर तपासायचं काम करतो, वीसेक वर्षं झाली, म्हणजे एका हाताशी ग्रीक मजकूर आणि दुसऱ्या हाताशी मराठी कच्चा मसुदा ठेवून शब्द न शब्द ताडून बघायचा आणि मग तो गावात नेऊन लोकांना वाचून दाखवायचा. तेव्हा पाळकसाहेबांचा मान राखून सांगतो, खोलात न्या. पोरं तशीही नेटवर जाऊन खोलात जाणारच आहेत, आणि तिथं त्यांना एकतर 'बायबल खोटं' म्हणणारा भेटतो नाहीतर 'फरक मुळातच नाहीत' म्हणणारा. दोघांनीही चार शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही येशूची हकिकत सांगणारी पुस्तकं, शेजारी शेजारी ठेवून वाचलेली नसतात.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या वर्गातले तीन प्रश्न एका जातीचे नाहीयेत. छपराचा फरक सांगणाऱ्यांचा आहे, मार्क आणि लूक यांनीच वेगळं लिहिलंय. २१ वं वचन हा नकला करणाऱ्यांचा मामला, छापखाने नव्हते तेव्हा हातानं प्रती उतरवणाऱ्यांचा. आणि अजून एक प्रकार असतो जो तुमच्याकडे कोणी विचारला नाही पण विचारतील, की एका मराठी बायबलात एक शब्द आणि दुसऱ्यात दुसराच का, तो आमच्यासारख्या भाषांतरवाल्यांचा. लोक काय करतात, ताप असो खोकला असो हाड मोडलेलं असो, एकच गोळी देतात. 'मूळ भाषेत बघितलं की सगळं जुळतं' म्हणतात. छपराचा फरक मूळ भाषेत बघितला तर जुळत नाही, उलट जास्तच ठळक दिसतो.

तेच बघू आधी, कारण मला ती जागा फार आवडते. मार्क २:४ मध्ये ग्रीकमध्ये दोन क्रियापदं लागोपाठ आहेत, पहिल्याचा अर्थ छप्पर उघडं केलं आणि दुसरं सरळसरळ उकरणं, खणणं, जे आपण मातीबद्दल बोलतो. कारण गालीलातलं साधं घर म्हणजे दगडाच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर फांद्या-काड्या आणि त्यावर चोपून बसवलेला मातीचा थर, सपाट. ज्यांनी मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे माळवदाचं घर बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्ही एकदा मराठवाड्यातल्या एका गावात हा मसुदा वाचून दाखवत होतो, मसुद्यात 'छप्पर फोडलं' होतं, तर एक म्हातारे बाबा मध्येच म्हणाले, 'फोडलं कशाला, पत्रा होता का? माळवद असंल तर उकरावं लागतं.' त्यांना ग्रीकचं ग सुद्धा माहीत नाही आणि मार्कचा शब्द त्यांनी अचूक सांगितला. वर अजून विचारलं की साण्यातून का नाही सोडला त्याला, साणं म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक, आणि मग स्वतःच उत्तर दिलं, 'बाजेसकट माणूस मावत नसंल त्यातनं.' आम्ही तिथल्या तिथं 'माळवद उकरलं' करून घेतलं.

आता लूक ५:१९. लूकनं लिहिलंय कौलांमधून खाली सोडला. ग्रीक शब्द भाजलेल्या मातीचा, कौल किंवा खापरी. उकरणं नाहीच. कारण लूक ज्यांच्यासाठी लिहितोय ते ग्रीक बोलणारे, रोमन साम्राज्यातले शहरी लोक, त्यांच्या डोळ्यापुढं घर म्हटलं की कौलारू घर. कौलं सारून माणूस आत उतरवणं हे त्यांना लगेच दिसतं, कोकणातल्या माणसालाही दिसेल. छप्पर उकरलं म्हटलं तर ते विचारत बसले असते की छप्पर उकरतात कसं. म्हणजे लूकनं जे केलं ते त्या बाबांनी केलं त्याच्या बरोबर उलटं आहे, बाबांनी गोष्ट गालीलाजवळ नेली, लूकनं ऐकणाऱ्याजवळ आणली. काही अभ्यासक म्हणतात की 'कौलांमधून' हा ग्रीकमध्ये नुसता 'छपरातून' म्हणायचा वाक्प्रचारही असू शकतो. असेल, पण मला तरी लूकच्या डोळ्यापुढे कौलंच दिसतात.

आणि मत्तय? मत्तय ९ मध्ये छप्पर नाही, वाट अडवणारी गर्दी नाही, चार माणसं नाहीत, बाजेवर आणला आणि येशूनं 'त्यांचा विश्वास पाहून' क्षमा केली एवढंच. नुसतं मत्तय वाचणाऱ्याला प्रश्न पडावा की विश्वास दिसला तो कशात, कारण तो दिसायचा छपरातूनच! पण मत्तयची ही सवयच आहे, मार्कची गोष्ट घेतली की काटछाट. मार्कचा ५ वा अध्याय बघा, भूत लागलेला माणूस, रक्तस्रावी स्त्री आणि याईराची मुलगी, ४३ वचनं. तोच ऐवज मत्तय १६ वचनांत उरकतो, आणि उरकताना मुलगी पहिल्याच वाक्यात मेलेली असते, मार्कमध्ये ती आधी मरायला टेकलेली असते आणि मेल्याचा निरोप वाटेत येतो. मत्तयला त्या वाटेत रस नाही. आपल्या घरात पण असं असतं ना, लग्नाची हकिकत आत्या सांगायला बसली तर जेवणाच्या पंगतीपर्यंत यायला तास लागतो आणि काका दोन वाक्यांत लग्न लावून मोकळे. लग्न एकच.

बाजेवरून आठवलं. मार्क त्या बिछान्यासाठी जो शब्द वापरतो तो ग्रीकमधला अगदी गावठी, गरिबाची पथारी म्हणा. लूक शुभवर्तमानात तो शब्द टाळतो, जरा बरा, छोट्या खाटेचा शब्द घालतो. ही शब्दाची लाज पुढं कुठवर गेली बघा, चौथ्या शतकात सायप्रसमध्ये एक शिकलेले बिशप, ट्रिफिलियस, उपदेश देताना 'आपली बाज उचल' या वाक्यात तो गावठी शब्द बदलून सभ्य शब्द बोलले, तर स्पिरिडॉन नावाचे दुसरे बिशप, जे आधी मेंढपाळ होते, भर सभेत उठून म्हणाले की ज्यानं तो शब्द उच्चारला त्याच्याहून तू मोठा झालास का, त्याचे शब्द वापरायची तुला लाज वाटते का. सोझोमेन या जुन्या इतिहासकारानं हे नोंदवून ठेवलंय. मसुदा तपासताना कोणी मला 'हा शब्द जरा बरा करू या' म्हटलं की मला स्पिरिडॉन आठवतात. अर्थात लूकनं पण तेच केलं होतं हेही आठवतं, मग गप्प बसतो.

छपराबद्दल भाषांतरवाल्याचा मोह सांगतो, दोन्हीकडे 'छप्पर' लिहून मोकळं व्हायचं. कोणी विचारणार नाही. पण मग तुमच्या त्या मुलीला प्रश्नच पडला नसता, आणि माझ्या मते ते नुकसान आहे.

आता गायब वचन. याच्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉरवर्ड फिरतो की अमुक कंपनीनं बायबलमधून वचनं काढून टाकली, ताबडतोब सगळ्यांना पाठवा. मला दहा ग्रुपवरून येतो. खरी भानगड अशी आहे. मत्तय १७ मध्ये झटके येणाऱ्या मुलाची गोष्ट आहे, शिष्यांना भूत काढता येत नाही, ते येशूला विचारतात का नाही आलं, तर मत्तयमध्ये उत्तर आहे तुमचा विश्वास कमी, मोहरीएवढा असता तरी डोंगर हलला असता. मार्क ९:२९ मध्ये त्याच गोष्टीला उत्तर वेगळं आहे, ही जात प्रार्थनेशिवाय निघत नाही. आता एखादा नकलाकार मत्तय उतरवतोय, मार्कची ओळ त्याला तोंडपाठ, त्याला वाटलं मत्तयमधून ती सुटलीय, घातली. किंवा कोणी समासात लिहून ठेवली आणि पुढच्यानं ती मजकुरात घेतली. चौथ्या शतकातल्या दोन जुन्या मोठ्या प्रती आहेत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस, त्या दोन्हीत मुळात हे वचन नाही. सिनायटिकसमध्ये नंतर एका दुरुस्ती करणाऱ्यानं घातलंय. आणि गंमत म्हणजे मार्कमध्ये सुद्धा 'प्रार्थना व उपास' यातला उपास या दोन प्रतींत मूळ मजकुरात नाही, उपास करणाऱ्यांनीच तो पुढं जोडला असावा असं बहुतेकांचं मत.

यात कट-कारस्थान काही नाही. गणपतीची आरती घ्या. 'संकटी पावावे' आहे, निम्मा महाराष्ट्र 'संकष्टी पावावे' म्हणतो, कारण संकष्टी हा शब्द गणपतीच्या संदर्भात कानात बसलेला. कोणी मुद्दाम बदललं नाही, जिभेनं ओळखीचा शब्द उचलला. पाठभेद हा शब्द तर आपल्याकडे जुनाच आहे, नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती काय उगाच नव्हे, तोवर नकला होत होत पाठ बिघडले होते म्हणूनच. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांच्या वर आहे, त्यामुळं फरक भरपूर सापडणारच, आणि कोणता पाठ आधीचा ते ताडून बघायला साधनंही भरपूर.

मग २१ हा आकडा का उरला? कारण वचनांना नंबर दिले रोबेर एस्तिएन या मुद्रकानं, १५५१ साली. त्याच्या हातातल्या ग्रीक मजकुरात ते वचन होतं म्हणून त्याला नंबर मिळाला. पुढं त्याहून जुन्या प्रतींचा आधार घेऊन वचन खाली तळटीपेत गेलं, पण नंबर सरकवले तर जगातले सगळे संदर्भ चुकतील. चाळीतली १९ नंबरची खोली पाडली तरी २० नंबरवाल्याचा पत्ता बदलतो का? तसं. त्या मुलाला सांगा ॲपमध्ये तळटीप दाखवा असं सेटिंग असेल तर चालू कर, २१ खाली बसलेलं सापडेल.

आणि उलटं पण घडलंय, वचन आत आल्याचं. योहानाचं पहिलं पत्र ५:७, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे स्वर्गात साक्ष देतात, ही ओळ ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानानं १५१६ आणि १५१९ च्या आवृत्तीत घातली नव्हती कारण त्याला ग्रीक प्रतींत ती मिळाली नव्हती. ओरड झाली, एक ग्रीक प्रत पुढं आणली गेली, १५२२ च्या आवृत्तीत ओळ आली, आणि तिथून इंग्रजीत १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये. ज्यांना 'काढून टाकलं' म्हणायचं असतं ते इथं 'घातलं' म्हणत नाहीत.

प्रभूची प्रार्थना तर रोजच्या तोंडातली. तुमची एखादी वसईची कॅथलिक मैत्रीण असेल तर एकत्र प्रार्थना म्हणताना लक्षात आलं असेल, ती जिथं थांबते तिथं आपली अजून एक ओळ बाकी असते, राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही तुझीच. ती ओळ मत्तयच्या सगळ्यात जुन्या प्रतींत नाही, लूकमध्ये तर नाहीच. पण दीदाखे नावाचं फार जुनं ख्रिस्ती लिखाण आहे, त्यात तिचं छोटं रूप आहे, म्हणजे उपासनेत लोक शेवटी अशी स्तुती म्हणत होते आणि ती मजकुरात उतरली. कॅथलिक मिस्सामध्ये पण ती म्हणतात, फक्त मध्ये धर्मगुरूंची एक प्रार्थना येते त्यानंतर. त्याच प्रार्थनेत मत्तयमध्ये 'ऋण' आहे आणि लूकमध्ये 'पाप', आणि तो 'रोजची' शब्द, ज्याचं आपण 'रोजची भाकर' करतो, तो ग्रीकमध्ये इतका दुर्मीळ की तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाला वाटलं शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवला असावा. जेरोमनं लॅटिन करताना लूकमध्ये 'रोजची' केलं आणि तोच शब्द मत्तयमध्ये आला तर 'नेहमीच्या पदार्थापलीकडची' अशा अर्थाचं काहीतरी. एकाच माणसानं, एकाच शब्दाचं! 'भाकर' मात्र झकास आहे.

यहूदा. इथं मी तुम्हाला गोड उत्तर देणार नाही. मत्तय २७ म्हणतो त्याला पस्तावा झाला, ३० रुप्याची नाणी मंदिरात फेकली, जाऊन गळफास घेतला, आणि याजकांनी त्या पैशातून कुंभाराचं शेत घेतलं, रक्ताचे पैसे म्हणून रक्ताचं शेत. प्रेषितांची कृत्ये १ मध्ये पेत्राच्या भाषणाच्या मधोमध येतं की यहूदानंच शेत विकत घेतलं, तो पालथा पडला, पोट फुटून आतडी बाहेर आली, म्हणून रक्ताचं शेत. विकत कोणी घेतलं ते वेगळं, मरण वेगळं, नावाचं कारण पण वेगळं. लोक जोडून सांगतात, आधी फास घेतला मग दोर तुटला मग पडला. अशक्य नाही. पण दोर दोन्हीपैकी एकाही ठिकाणी तुटलेला नाही, तो आपण तोडतो.

हा जोडण्याचा मोह भाषांतरात कसा शिरतो बघा, व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलमध्ये कृत्ये १:१८ ला 'पालथा पडून' याच्या जागी 'लटकलेला असता' असं आहे, म्हणजे मत्तयचा फास कृत्यांमध्ये टांगला. शेकडो वर्षं युरोप तेच वाचत होता. आमच्या एका मसुद्यातही एकानं 'दोर तुटून' असे दोनच शब्द घातले होते, फार प्रामाणिकपणे, वाचणारा अडखळू नये म्हणून. मी ते काढले, तो महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

मी मुलांना काय सांगतो, तर दोघांत सारखं काय ते आधी बघा. विश्वासघाताचा पैसा, यरुशलेमजवळचं एक शेत ज्याला लोक रक्ताचं शेत म्हणत होते, आणि वाईट मरण. एवढं दोघांकडे स्वतंत्रपणे आलेलं दिसतं. मग प्रत्येकाला काय सांगायचंय ते बघा. मत्तयला प्रत्येक पाऊल जुन्या कराराला टेकवायचं असतं, इथं तो यिर्मयाचं नाव घेतो आणि शब्द बरेचसे जखऱ्या ११ मधले आहेत, तो अजून एक वेगळा धागा. लूकला, कृत्ये पण त्याचंच, बारा जणांतली जागा रिकामी झाली आणि मत्थियाला निवडलं हे सांगायचंय, म्हणून त्याला यहूदाच्या पस्ताव्याशी देणंघेणं नाही. दोन्ही जसेच्या तसे बसतात का? मला विचाराल तर नाही बसत. माझा विश्वास त्या शेताच्या सातबाऱ्यावर अवलंबून नाही, म्हणून मला झोप लागते.

एकच सलग गोष्ट करून टाकू हा विचार आजचा नाही. इसवी सन १७० च्या सुमारास टेशियन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं चारही शुभवर्तमानं कापून-जोडून एक केलं, सिरियाकडच्या चर्चमध्ये ते खूप चाललं, लोकांना सोयीचं होतं ना. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपना आपल्या भागात त्याच्या दोनशेहून जास्त प्रती सापडल्या, त्यांनी त्या काढून घेऊन त्याजागी चार शुभवर्तमानं दिली. म्हणजे चार सांगणारे चारच ठेवायचे हे जाणूनबुजून ठरवलेलं आहे, फरक माहीत असताना. आणि लूक तर पहिल्याच वाक्यात सांगतो की बऱ्याच जणांनी हकिकत लिहिलीय, मीही सगळं मुळापासून तपासून लिहितोय.

भाषांतराचं राहिलं. मराठीची एक अडचण अशी की जी ग्रीकला नाही आणि इंग्रजीलाही नाही. गालीलच्या सरोवरात वादळ होतं, येशू मचव्यात मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला, शिष्य उठवतात. ग्रीकमध्ये 'मरतोय' एवढ्याच एका क्रियापदात 'आपण' की 'आम्ही' दोन्ही मावतं. मराठीत निवडावंच लागतं. आम्ही कोळीवाड्यात हे वाचून दाखवलं, मसुद्यात 'गुरुजी, आम्ही बुडतोय, तुम्हाला काही वाटत नाही का' असं होतं. एक मावशी म्हणाल्या, 'तो काय किनाऱ्यावर हाय का? बोट बुडाली तर सगलेच बुडणार ना, आपण म्हणा.' त्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, नाही, ते घाबरून ओरडतायत, घाबरलेला माणूस 'आम्ही मेलो' च ओरडतो, समोरच्याला कुठं मोजतो. दोघंही समुद्रावरची माणसं, दोघंही बरोबर. आणि 'आपण' घातलं की तिसराच घोळ, कारण आदरानं 'तुम्ही' च्या जागी पण आपण 'आपण' म्हणतो, मग 'आपण बुडत आहोत आणि आपल्याला काही वाटत नाही' हे वाक्य ऐकून माणूस गोंधळतो की कोणाला काही वाटत नाही. आमचा अख्खा दिवस त्या एका वाक्यावर गेला.

आणि तिथंच तीन शुभवर्तमानांचा फरक पण उघडा पडतो. मार्कमध्ये हाक 'गुरुजी' अशी आणि वर टोमणा, काही वाटत नाही का. मत्तयमध्ये 'प्रभू, वाचव, मरतोय', एकदम प्रार्थनेची भाषा, टोमणा गायब. लूकमध्ये तिसराच शब्द, मालक किंवा नायक म्हणावं असा, आणि तो दोनदा. मत्तयमध्ये येशू आधी शिष्यांना बोलतो आणि मग वारा शांत करतो, बाकी दोघांत आधी वारा. आता भाषांतरकारानं तिन्हीकडे 'प्रभुजी' केलं की संपलं, तीन माणसांचा आवाज एक झाला. तू-तुम्हीचं पण तसंच, ग्रीकमध्ये एकाला एकच 'तू', मराठीत शिष्यानं येशूला काय म्हणायचं, पिलातानं काय म्हणायचं हे आम्ही ठरवतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं ते मुळात आहे. काना गावच्या लग्नात येशू आईला 'बाई' म्हणतो ते मराठी कानाला तोडून बोलल्यासारखं लागतं, ग्रीकमध्ये तेवढं तुसडं नाहीये. पण 'आई' घालावं तर ग्रीकमध्ये आई नाही. बसा आता!

म्हणून घरात एकच मराठी बायबल असेल तर दुसरं आणा. मराठीत हे काम फार जुनं आहे, बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम केरी या मिशनऱ्याच्या लोकांनी १८११ मध्ये नवा करार छापला, मुंबईत अमेरिकन मिशननं १८२६ मध्ये आपला वेगळा केला, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीक शिकून एकटीच्या जिवावर अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल वाचायला सगळ्यात सोपं, टिपा पण चांगल्या. शब्दाला शब्द बघायचा असेल तर बायबल सोसायटीचं नेहमीचं घ्या, अर्थ पटकन लागायला हवा तर सुबोध. यातलं कोणतं 'खरं' असं मला विचारू नका, कोणतं कशासाठी ते विचारा.

पुढच्या रविवारी काय करायचं ते सांगतो. सुरुवातीला वधस्तंभावरची पाटी घ्या, चारही शुभवर्तमानांत तिचा मजकूर थोडा थोडा वेगळा आहे, 'यहूद्यांचा राजा' तेवढं चौघांत. योहान सांगतो पाटी तीन भाषांत होती. मुलांना फळ्यावर चारही लिहायला लावा, दहा मिनिटांत होतं, आणि कोणालाही धक्का बसत नाही. मग शताधिपती, म्हणजे तो रोमन लष्करी अधिकारी ज्याच्या आजारी चाकराला येशूनं बरं केलं. मत्तय ८ मध्ये तो स्वतः येशूकडे येऊन बोलतो, लूक ७ मध्ये तो येतच नाही, आधी यहूदी वडीलधाऱ्यांना पाठवतो आणि मग मित्रांना. इथं मुलं स्वतःच सांगतील की माणूस पाठवला म्हणजे तो आल्यासारखंच, शहाजहाननं ताजमहाल बांधला म्हणतो आपण, विटा थोड्याच रचल्या त्यानं. त्यांना तिथं थांबवू नका, पुढचं विचारा की मग लूकला ते वडीलधारे मुद्दाम का दाखवायचे होते.

यहूदा त्या दिवशी घेऊ नका, तो महिनाभरानं. त्याच्या आधी वादळाची गोष्ट घ्या, मोठ्या कागदावर तीन रकाने, मत्तय, मार्क, लूक, जे तिघांत सारखं ते एका रंगानं आणि जे एकाकडेच ते दुसऱ्या रंगानं. उशी फक्त मार्कमध्ये सापडेल, ती कोण आधी शोधतो बघा. त्या आठवीतल्या मुलीला लूकचा रकाना द्या, कौलं तिलाच दिसली होती.